साखर चवीनुसार

…आणि वर हसतेय! अहो, मोबाईलमधली ती बाई! नखं रंगवलेली, सदरा पांढराशुभ्र, एक डाग नाही त्याच्यावर, समोर आठ वाट्या ओळीनं मांडलेल्या, बिस्किटांचा चुरा तयार, चेरीच्या बिया काढून तयार, चॉकलेट वितळून तयार, आणि ही करते काय, तर या वाटीतलं त्या भांड्यात ओतते आणि म्हणते, "बघा, किती सोप्पं!" अगं भवाने, त्या वाट्या भरल्या कोणी? जी कोण माउली आत बसून भरत होती तिला आण की पुढे! तिला विचारू आपण, सोप्पं आहे का! सोप्पं म्हणे!

तुम्हाला सांगते, मी कुणाचं वाईट चिंतणारी बाई नाही. सकाळ-संध्याकाळ देवापुढे दिवा लावते, मुंगी दिसली तर पाय उचलून पुढे टाकते. पण ती बाई मला रस्त्यात भेटली ना… तर… तर मी नमस्कार करीन. आधी नमस्कारच करीन. हातात लाटणं असलं तर असलं.

आणि ही बाई माझ्या घरात शिरली कशी? तर आमच्या मोठ्या जाऊबाईंनी पाठवली. वरच्याच मजल्यावर राहतात. म्हणजे सल्ला द्यायला खाली यावं लागतं एवढाच काय तो त्यांना त्रास, आणि तो त्या आनंदानं सोसतात. "अगं, लेक येतेय ना तुझी सुट्टीत? मग तुझं ते जुनंपानं काही करू नकोस बाई, ती आता मोठ्या शहरात राहते! हे कर, चॉकलेट-चेरीचं. थरांवर थर. दिसायला काय दिसतं! आणि सोप्पं! माझी सून डोळे मिटून करते." डोळे मिटूनच करत असणार, खाल्लंय मी. पण बोलले नाही.

आता लेकीचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलंय. दोन वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली. भांडून. म्हणजे भांडली ती, मी नाही. तिला लांबच्या गावी नोकरी लागली, मी काय म्हटलं? काही म्हटलं नाही! जाऊ नको म्हटलं नाही, ओरडले नाही, रडले नाही. नुसतं जेवण सोडलं. देवाला सांगितलं, हिला सुबुद्धी होईपर्यंत अन्न घेणार नाही. झालं! चौथ्या दिवशी ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू देवाला मध्ये घालून आमच्यावर रुसतेस!" मी! रुसते! आणि गेली बॅग उचलून. मग मी तो उपास सोडला आणि दुसरा नेम धरला. ही पोर परत येऊन या घरात पानावर बसत नाही तोवर गोडाचा कण जिभेला लावणार नाही. दोन वर्षं! चहा बिनसाखरेचा. कुणाच्या बारशाचा पेढा कपाळाला लावून परत द्यायचा. आणि गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "शनिवारी संध्याकाळी येते. राहीन की नाही ते बघू." बघू! या 'बघू'वर मी तीन दिवस काढले हो. छान झालं सगळं, तर सुट्टी संपेपर्यंत राहील. बिनसलं, तर चपला पायात आणि मुलगी दारात. म्हणून म्हटलं, जाऊबाई सांगतात तर जाऊबाई सांगतात, करू या चॉकलेट-चेरी!

चेरी. बिया काढा म्हणे. कशानं? ती बाई सांगत नाही, तिच्या वाटीत काढलेल्याच! मी केसातला आकडा काढला, उकळत्या पाण्यातून काढला, आणि एकेका चेरीत खुपसला, आणि चेरी काय करते माहितेय? उडवते! रस भिंतीवर, रस ओट्यावर, रस चष्म्यावर, हात कोपरापर्यंत लाल. तेवढ्यात हे आत आले. माझे हात पाहिले, भिंत पाहिली, हातातला आकडा पाहिला, आणि बायकोला काही लागलं का विचारायचं सोडून पहिला प्रश्न काय? "थोरल्या वहिनी कुठायत गं?" बघा! मनात काय काय येतं माणसाच्या! (माझ्याही आलं होतं, पण मी दिवा लावणारी बाई.)

मग क्रीम. "मऊसूत होईपर्यंत फेटा." कुठवर मऊसूत? काही खूण? काही आकडा? मी फेटलं, फेटलं, नामस्मरण करत फेटलं, डोळे मिटून फेटलं, आणि डोळे उघडते तर लोणी! छान पिवळा गोळा, शेजारी ताक! ती मोबाईलमध्ये अजून हसतेय. "आणि बघा, झालंसुद्धा!" हो बाई, झालं. हे पुन्हा दुकानात गेले, पुन्हा क्रीम आणलं, येताना जाऊबाई जिन्यात भेटल्या. "काय, पुन्हा क्रीम? आमच्या सुनेला एकदाच लागतं हो." सोप्पं म्हणे!

पण हे सगळं सोसलं मी. खरी मेख पुढे. चॉकलेट वितळलं, त्यात क्रीम कालवलं, चेरी शिजत ठेवली, आणि ती बाई मान वाकडी करून, डोळे मिचकावून म्हणते, "साखर चवीनुसार!"

चवीनुसार!

अगं पण ज्या बाईला चव बघायचीच नाही, तिनं काय करावं? माझा नेम! बोट चाटायचं नाही, पळी चाटायची नाही, रस ओठावर उडाला तर पुसायचा आणि चूळ भरायची! आणि चॉकलेट कसलं, तर दुकानदारानं दिलेलं, काळंकुट्ट, "शुद्ध आहे ताई, एकदम शुद्ध." म्हटलं शुद्ध आहे तर शुद्ध, चॉकलेट मुळात गोडच असणार की! वर आणखी साखर ओतली आणि गोड-गोड झालं तर? लेक म्हणायची, आई, तुझं अजून सगळं अतीच का! म्हणून मी म्हटलं, आधी न घालता बघू. घरात खाणारी तोंडं आहेत, ती सांगतील. कमी असेल तर घालू. बरोबर की नाही? सांगा, चुकलं माझं काही?

यांना बोलावलं. "बघा हो जरा." यांनी चमचा तोंडात घातला. थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "छान." "साखर?" "छान आहे." मी खुश! सासूबाईंकडे वाटी नेली. त्यांनी एक घास घेतला, तो तोंडात या गालातून त्या गालात फिरवला आणि म्हणाल्या, "छान हो. पुरे." आता सासूबाईंनी गोडाला 'पुरे' म्हणणं हे माझ्या लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं, तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती! नाही पेटली. मग जाऊबाई आल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्यांनी स्वतःच चमचा घेतला. घास घेतला आणि डोळ्यांत टचकन पाणी! म्हटलं, काय झालं? "काही नाही गं… तुझी लेक येणार म्हणून भरून आलं. छान झालंय. म्हटलं नव्हतं मी, सोप्पं?"

तीन माणसांनी तीनदा छान म्हटलं! मग साखर कशाला घालायची? नाहीच घातली. काचेचं भांडं घेतलं, तळाला बिस्किटांचा चुरा दाबला, वर चॉकलेट, वर चेरी, वर क्रीम, पुन्हा चॉकलेट, पुन्हा चेरी, पुन्हा क्रीम, वर चॉकलेटचा कीस. दिसत होतं ना… काचेतून बाहेर लाल, पांढरं, काळं, लाल, पांढरं, काळं. मी भांडं आधी देवापुढे नेलं. म्हटलं, देवा, दोन वर्षं मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. म्हणजे रोज मागितलं, पण एकच मागितलं. ती राहू दे.

सहा वाजता लेक आली. वाळलीय. केस कापलेत. हातात एवढीशी पर्स! बॅग नाही! म्हणजे राहायचं ठरवून आलेलीच नाही, बघा! ती आजीच्या पाया पडली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरी आहेस ना, आई?" "बरी आहे." संपलं बोलणं! दोन वर्षांचं बोलणं दोन वाक्यांत! मग जेवायला बसलो, चमचे वाजतायत, कोणी बोलेना, जाऊबाईसुद्धा बोलेनात, म्हणजे विचार करा!

मी भांडं आणलं. लेकीच्या पुढे ठेवलं. तिनं मोठा चमचा भरून घेतला, सगळे थर एकदम. तोंडात घातला.

आणि थांबली.

मी तिच्याकडे, हे ताटाकडे, सासूबाई छताकडे, जाऊबाई दाराकडे!

"आई," ती म्हणाली, "यात साखरच नाहीये. हे कडू आहे. आणि आंबट आहे. आणि पुन्हा कडू आहे."

मी यांच्याकडे वळले. "तुम्ही छान म्हणालात!"

आता ऐका हं. हा माणूस, ज्यानं आजवर वर तोंड करून मला उत्तर दिलं नाही, तो शांतपणे चमचा खाली ठेवतो आणि म्हणतो, "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा म्हणालो होतो, भाजीत मीठ कमी आहे. आठवतं? तू देवापुढे जाऊन आठ दिवस अळणी खायचा नेम धरलास. प्रायश्चित्त म्हणून. आणि घरात चूल एकच. आठ दिवस आम्हीही अळणी. तेव्हापासून मी छान म्हणतो."

"आम्हीसुद्धा," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे सासूबाई! सून मी!

म्हणजे इतकी वर्षं… प्रत्येक छान… ते छान नव्हतंच! ते घाबरलेलं छान होतं! घरात एकच माणूस खरं बोलत होतं आणि त्यालाच मी बॅग उचलायला लावली होती. मग तोच चमचा उचलला, ती आली होती, पानावर बसली होती, घास घेतला होता, नेम फिटला होता माझा, म्हटलं, बघू तरी. आणि खाल्लं.

अहो! दोन वर्षांनी गोड म्हणून जे पहिलं तोंडात गेलं ते काढ्यासारखं! माझं तोंड असं वेडंवाकडं झालं… आणि लेक हसली. हसली म्हणजे कशी, खुर्चीला धरून, डोळे पुसत, "आई, तुझा चेहरा! बाबा, बघा ना आईचा चेहरा!" आणि मग मला काय झालं कोण जाणे, मीही हसायला लागले. मग सगळेच. जाऊबाई सगळ्यात मोठ्यानं, त्यांचं पाठवलेलं असून!

ती उठली, बाह्या सावरल्या, स्वयंपाकघरात गेली. फळीवर पाच डबे सारखे आहेत, तिनं न विचारता साखरेचाच उचलला. म्हणाली, "सगळं काढू, घोटून गोड करू, गार करायला ठेवू. उद्या खाऊ." उद्या! ऐकलंत? उद्या म्हणाली! मग पाठमोरीच म्हणाली, "माझी बॅग गाडीत आहे. आणते. पण एक अट. यापुढे आमच्यावर एकही नेम धरायचा नाही. राग आला तर बोल. रडावंसं वाटलं तर रड. कबूल?"

मी देवाकडे पाहिलं. देव काही बोलला नाही. कबूल म्हटलं.

तेव्हापासून राहिलीय घरात. रोज खरं बोलते. "आई, भाजी शिजली नाही." "आई, हा पडदा फारच वाईट दिसतो." "आई, तू काकूंशी लागट बोलतेस." आणि तिचं ऐकून घरातल्या सगळ्यांना कंठ फुटलाय! हे म्हणतात चहा पांचट. सासूबाई म्हणतात, तीस वर्षं सांगायचं होतं, तुझा भात चिकट होतो. जाऊबाई तर वही घेऊनच खाली येतात. आणि माझ्या जिभेवर, तुम्हाला सांगते, अशी अशी उत्तरं येतात, एकेक असं धारदार, की एक जरी निसटलं तर पोरगी पुन्हा पर्स उचलेल. सुट्टीचे अजून नऊ दिवस आहेत.

म्हणून ठरवलंय, उद्यापासून नऊ दिवस तोंडच उघडायचं नाही. नाही हो, नेम नाही धरला, कबूल केलंय ना मी! हे आपलं नुसतं… गप्प बसणं. तेव्हा जे काय बोलायचं ते आजच बोलून घेतलं तुमच्यापाशी.