मुळासकट

(पोशीरमधली कोंडाजींची भातगिरणी. त्यांची लेक छाया कॉम्प्युटरसमोर बसली आहे.)

कोंडाजी : साईराजचा फोल्डर दिसतोय ना? मंग उडव. सकाळधरनं पावती निघत नाय, लोकं पोती घेऊन बसलीत.

छाया : डिस्क भरलीय आबा. पण फोल्डर असा उडवायचा नसतो. हे लिनक्स हाय. वरनं उडवला तर सिस्टिमला वाटतं, साईचा प्रोग्राम अजून घरातच हाय.

कोंडाजी : तिला सांग, गेला म्हनावं. गणपतीच्या आधीच गेला.

छाया : सांगते. आधी त्यानं काय काय बसवलंय ते बघू दे.

कोंडाजी : गानी मिसळायचं बसवलंय. बापाच्या गिरणीत बसून गानी मिसळायचा.

छाया : पुण्यात तेच करतो. पगार घेऊन.

कोंडाजी : मी इचारलं का?

छाया : नाय. हा बघा गाण्याचा प्रोग्राम, सगळ्यात मोठा हाच. निम्मी डिस्क यानंच खाल्लीय.

कोंडाजी : काढ. आन ते खालचं बी काढ. समदं त्याचंच हाय.

छाया : थांबा. हे खालचं काढलं तर संगं अजून काय काय जाईल, ते सिस्टिम आधीच सांगते. त्यात पावतीचा प्रोग्राम हाय.

कोंडाजी : पावतीचा काय संबंध?

छाया : तो याच्याच आधारावर चालतो. तोपण साईनंच बसवला. तुमीच सांगितलेलं त्याला.

कोंडाजी : गिरणीचं राहू दे. गान्याचं काढ.

छाया : कसं काढू? रिमूव्ह म्हटलं की प्रोग्राम जातो, साईनं लावलेलं सेटिंग मागं राहतं. पर्ज म्हटलं की मुळासकट.

कोंडाजी : मुळासकट.

छाया : बरं. पर्ज लिहिलं. आता विचारतंय, खरंच काढू का? वाय दाबलं की हाय, एन दाबलं की नाय.

कोंडाजी : दम धर. ते सेटिंग मागं ऱ्हायलं तर काय व्हतं?

छाया : काय होत नाय. पडून राहतं. उद्या साईनं येऊन प्रोग्राम परत टाकला, तर होता तसा चालू होतो. त्याला नव्यानं मांडामांड करायला लागत नाय.

कोंडाजी : मी त्याच्यासाठी इचारत नाय. जागा किती खातंय ते सांग.

छाया : पोत्यातल्या चार दाण्यांएवढी.

कोंडाजी : मंग नाय दाब.

छाया : दाबलं. नुसतं रिमूव्ह करू?

कोंडाजी : लोकं खोळंबलीत गं. कर काय ते.

छाया : केलं. त्या प्रोग्रामसंगं आलेलं, आता कुणाला लागत नाय असंपण थोडं हाय. ते काढते.

कोंडाजी : ते काढ.

छाया : झालं. ही बघा, बुधाजीकाकांची पावती निघाली.

कोंडाजी : दे त्याला नेऊन.

छाया : रात्री साईचा फोन येईल. गिरणीचं विचारतो रोज. काय सांगू?

कोंडाजी : रोज?

छाया : रोज.

कोंडाजी : सांग, डिस्क भरली व्हती. आता जागा हाय.