न्हाणीच्या चुलीवरची जर्मन न्याहारी

मी मूळची धारगळची. हमरस्त्याच्या वरच्या अंगाला आमचं खोपट, बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि आई सकाळी उठून उकड्या तांदळाची पेज करायची, पेजेबरोबर खारातला आंबा नाहीतर भाजलेला सुका बांगडा, झाली न्याहारी. ढवळायचं काम माझं. पेज खाली लागली तर आई ओरडायची नाही, लागलेली तेवढी माझ्याच वाडग्यात वाढायची, म्हणून माझा हात तयार झाला, बाकी हुशारी काही नाही. पण हुशारी आहे असं मला मात्र वाटायचं. ती तेव्हाची शेवंती, म्हणजे मीच, लिहून घेताय म्हणून सांगते तुम्हाला, विहिरीत वाकून स्वतःचं तोंड बघायची आणि स्वतःलाच लाजायची.

लग्न होऊन हरमलला आले. घर, थोडे माड, मागे न्हाणीघर आणि न्हाणीघराला लागून पाणी तापवायची चूल. घरात सासू, नवरा आणि पुढे माझा एक मुलगा. नवरा वाईट नव्हता असं लोक म्हणतात, मी पण म्हणते, मेलेल्या माणसाबद्दल आणखी काय म्हणायचं. ते दिवस कोकणी की मराठी त्या भांडणाचे, गोव्याला राज्य मिळणार मिळणार म्हणून सगळे तापलेले, आणि हा संध्याकाळी बाजारात उभा राहून हात वर करकरून भाषेवर भांडायचा. घरी आला की कुठल्याच भाषेत बोलायचा नाही.

समुद्रावर गोरे लोक यायला लागले तशी नवऱ्याने पुढची खोली भाड्याने दिली. राज्य मिळालं त्या वर्षी तिथे इल्झे आली, आम्ही तिला इलशी म्हणायचो. राहणारी अमेरिकेची, पण तिच्या आजीची माणसं जर्मनीतून तिकडे पोट भरायला गेलेली, आपले सावंतवाडीकडचे डिचोलीच्या खाणींवर येतात तशी. खाणीवरची माणसं येताना कुळथाचं पीठ बांधून आणतात, ह्या लोकांनी आपली न्याहारी बांधून नेलेली. तिचं नाव गेटा. डुक्कर मारलं की चांगलं मांस विकायचं, डोकं, पाय, हाडाला चिकटलेलं जे उरेल ते धान्यात घालून शिजवायचं, घट्ट झालं की थापून ठेवायचं आणि सकाळी वड्या कापून तव्यावर खरपूस भाजायच्या. गरिबाचंच खाणं, दुसरं काय. आजी मेली, आईने करायचं सोडून दिलं आणि ही बाई एवढा समुद्र ओलांडून आमच्या पडवीत ते परत करायला बसली. हे सगळं तिने मला हातांनी आणि डुकराचा आवाज काढून सांगितलं.

तिकडचं ते धान्य आमच्याकडे कुठलं. तिने गव्हाचा दलिया घातला, वडी विस्कटली. रवा घातला, तव्यावर चिखल झाला. मग पायरीवर बसून मोठमोठ्याने रडली. नवरा मला म्हणाला, अगो, करून दी तिका, भाडेकरीण चांगली आसा. आमच्यात डुकराला कोणी शिवत नाही. सासू म्हणाली, करूचा तर न्हाणीच्या चुलीर कर, घरातला भांडा घेव नको. म्हणजे बघा, परवानगी दोघांचीही होती, हे लक्षात ठेवा.

मी उकड्या तांदळाच्या कण्या घातल्या, परड्यातलं दालचिनीचं पान घातलं, नारळाच्या सोडणांचा, वरच्या सालींचा, मंद विस्तव केला आणि करवंटीचा डाव आपला आपण उभा राहीपर्यंत ढवळत बसले. सकाळी इलशीने वडी तव्यावर टाकली, उलटली, मोडली नाही. एक घास खाल्ला आणि माझे हात धरून आपल्या आजीला हाका मारायला लागली. आणि शेवंती फुगली, तव्यावरची भाकरी फुगते तशी. वाटलं, आता अमेरिकेत माझं नाव होणार. गाढव! डोक्यावरून न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून, गुणगुणत स्वयंपाकघराकडे गेले तर सासू दारात आडवी.

तू भितर येव नको.

मी म्हटलं, आई, न्हालंय मी. ती म्हणाली, ता न्हावन जाता काय गो? मी नवऱ्याकडे बघितलं. तो पेपर वाचत होता, भाषेचंच काहीतरी असणार.

मला वाटलं, गणपतीच्या चवथीपर्यंत चालेल हे. चवथीला नेवऱ्या, तुमच्या करंज्या, करायला तरी बोलावतील, माझ्यासारखी मुरड कोणाला येते. नेवऱ्या शेजारणीने येऊन केल्या. इलशी गेली, तिच्या ओळखीचे आणखी आले, सगळ्यांना तेच हवं, नवरा म्हणाला, चालू ठेव. मी चालू ठेवलं. घराची कौलं त्या चुलीवर बदलली, विहिरीला पंप त्या चुलीवर बसला. भाड्याच्या नोटा आल्या की सासू त्यांच्यावर तुळशीचं पाणी शिंपडायची आणि देवाच्या कपाटात ठेवायची. नोटा आत गेल्या. माझ्यावर दोन थेंब उडवले असते तर मी पण आत गेले असते, पण तेवढं पाणी घरात नसावं. मला मीठ लागलं तर मागच्या दारात उभं राहून हाक मारायची, हात पुढे करायचा, सासू वरून सोडायची, हाताला हात लागू नये म्हणून चांगली वरून, अर्धं खाली सांडायचं. सांडलेलं मीठ मुंग्यासुद्धा नेत नाहीत.

सासू गेली तोवर सून आलेली, आतलं सगळं तिच्याकडे. बाराव्याच्या दिवशी मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले, आता कोणीतरी म्हणेल, ये. नवरा आला आणि म्हणाला, भायरच्या चुलीर पाहुण्यांचा चाय ठेव. मग तो पण गेला. तुम्ही म्हणाल, तूच उठून का नाही गेलीस, कोण धरून होतं? माज, दुसरं काय! ज्यांनी काढलं त्यांनी बोलावल्याशिवाय जायचं नाही. बोलावणारे एकेक करून मेले आणि ही बया बोलावण्याची वाट बघत उंबऱ्याबाहेर म्हातारी झाली.

आता मोपाला विमानतळ झाला. मुलाने आणि सुनेने पुढच्या पडवीत मेजं मांडली आणि पाटी लावली, जर्मन आजीची न्याहारी. पाटीवर एका गोऱ्या म्हातारीचा फोटो, कोण कोणास ठाऊक, फोनात मिळाली. तिकडे अमेरिकेत पण लोक आजीपणजीच्या रीतीने हे पुन्हा करायला लागलेत, सुनेने मला व्हिडिओ दाखवला. फक्त हिची वडी तव्यावर मोडायची. आली माझ्याकडे, आई, शिकवा माका. म्हटलं, शिकवीन, पण आत, स्वयंपाकघरात उभी राहून शिकवीन. इतकी वर्षं हे वाक्य दाताखाली धरलेलं. ती म्हणाली, मगे येवा ना, कोण नको म्हणता? म्हटलं, तुला माहीत नाही? ती म्हणाली, काय ता? माका वाटला, तुमका भायरच बरा वाटता, धुराची सवय म्हणान.

मुलाला विचारलं, तुला तरी आठवतं? तो म्हणाला, आई, जुनी गोष्ट कित्याक उकरतंस?

गेले आत. उजवा पाय आधी टाकला, नवरीसारखा, लाज नाही वाटली. आत चूल नाही, काळ्या दगडाचा ओटा, देव दुसऱ्या भिंतीला, पाटा कुठे गेला कोण जाणे. जिथे परत जायचं म्हणून मी बसले होते ते ठिकाणच कोणी ठेवलं नव्हतं. टोप गॅसवर चढवला. गॅस कितीही बारीक करा, कण्या खालून धरतात. जळका वास सुटला आणि सून बिचारी हळूच म्हणाली, आई, भायरच करूया काय? मी अशी हसायला लागले की तिने मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

तर आता रोज सकाळी मी न्हाणीच्या चुलीपाशी. वडी मोडत नाही. विमानातून उतरलेले लोक धुरातला माझा फोटो काढतात, नाव मात्र पाटीवरच्या म्हातारीचं. पैसे फोनात येतात, पाणी शिंपडायला नोटाच उरल्या नाहीत. सून गुणी आहे, तिची भरभराट होवो, तिच्या पोराबाळांची होवो. सासूचं आणि नवऱ्याचं देव बघून घेईल, माझ्या आशीर्वादात त्यांना घालू नका, लिहा तसंच.

मीठ मात्र मी कोणाला आणायला सांगत नाही. गुडघे धरतात, तरी उठते, उंबरा ओलांडते, डब्यात हात घालते, मूठभर घेते आणि येते. सून रोज म्हणते, आई, मिठाचो डबो भायरच ठेवूया ना, तुमची खेप वाचात.

मी म्हणते, नको. आतच राहूदे.