दिव्याच्या शिंका

नीलिमा : नाही आबा, घोंगडी बाल्कनीतसुद्धा नको. वाऱ्याने लोकर आत येते. दिव्याला आज सकाळी अकरा शिंका आल्या, मोजल्या मी.

रंगराव : सूनबाई, परवा कांद्याचं पोतं गेलं, काल माझी उशी गेली. नातीसाठी समदं कबूल हाय. पन ही घोंगडी तर कपाटात व्हती.

अवधूत : आबा, नीलिमाने ऑनलाइन कोर्स केलाय. ‘ॲलर्जीमुक्त घर’. अख्ख्या रावेतमध्ये पहिली असेल.

रंगराव : आन् तुळस कुठं हाय?

नीलिमा : खाली, वॉचमनच्या केबिनपाशी. उदबत्ती बंद केली, पडदे काढले, चादरी गरम पाण्यात धुते. तरी शिंका आहेतच. आता राहिलं काय... अवधूत, तू सांग ना.

अवधूत : म्हणजे आबा, तुमचं सामान जुनं. त्यात धूळ बसते. थोडे दिवस नवनाथकडे राहता का, चाकणला? धाकट्यालाही बरं वाटेल.

रंगराव : नवनाथची एक खोली. दारातनं दिवसभर ट्रक जात्यात. तिथं धूळ न्हाई व्हय?

नीलिमा : तिथे दिव्या नाही ना, आबा.

रंगराव : व्हय. ते बी खरंच. भरतो पिशवी. तेवढं मांजर उचला, पिशवीत जाऊन बसलंय.

(अवधूतचा मोबाइल वाजतो.)

अवधूत : दिव्याच्या ॲलर्जी टेस्टचा रिपोर्ट आला. लोकर, काही नाही. तुळस, काही नाही. गादीतल्या धुळीतले किडे, किंचित. आणि... नीलिमा, मांजर. लाल अक्षरांत.

नीलिमा : शक्यच नाही! स्नोई पर्शियन आहे. दर रविवारी शाम्पू करते मी तिला. दिव्याच्या उशाशी झोपते ती!

अवधूत : ‘मांजर तातडीने घराबाहेर ठेवावे,’ असं लिहिलंय.

नीलिमा : त्या मुक्या जिवाला कुठे पाठवायचं रे? घरातलीच आहे ती! माणसासारखा जीव लावते.

अवधूत : रडू नको. आबा चाकणला निघालेतच. आबा, न्याल का तिला?

रंगराव : द्या. खोली ल्हान हाय, पन मावंल.

नीलिमा : आबा, पण नव्या जागी राहील ना हो ती?

रंगराव : ऱ्हातंय. आठ-धा दिस दाराकडं बघत बसंल. मग बघत न्हाई.