चादरींच्या खोलीला दार असू द्या

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे मोठे डॉक्टर, त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या मॅडम, सिस्टर मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या डायलिसिसच्या मैत्रिणींनो, काकांनो, सगळ्यांच्या घरच्यांनो, नमस्कार.

रुग्णांच्या वतीने चार शब्द बोल, असं मला सांगितलं गेलं. मलाच का, तर माझं तोंड चालतं. किडन्या धड होत्या तेव्हा मी गावोगाव प्रदर्शनांतून भाजी कापायची यंत्रं विकायचे. शाळेशी फारसं जमलं नाही आणि घरात पाय टिकला नाही. काकडी अशी धरायची, मूठ अशी फिरवायची, बघा ताई, बोटाला धक्का नाही... असो. आता दिवसाआड त्याच खुर्चीत, त्याच मशीनला जोडलेली असते. फिरायचं काम जिभेकडे दिलंय.

भाषण मी गोडच लिहून आणलं होतं. पण मघाशी अध्यक्षांनी जाहीर केलं, की मशीनच्या हॉलशेजारची चादरींची खोली रिकामी करून तिथे आमच्या मोठ्या डॉक्टरसरांच्या कारकिर्दीच्या फोटोंचं दालन होणार. टाळ्या पडल्या. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. महोदय, त्या खोलीत काय चालतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?

आमच्या हॉलमध्ये पडदे नाहीत. सुईचा हात सिस्टरला कायम दिसायला हवा, बरोबरच आहे. पण त्यामुळे एकाची शिंकसुद्धा सगळ्यांची. सर फेरीला आले की माझ्या शेजारच्या काकांच्या कानाशी वाकायचे. "काय, बायकोजवळ जायला काही अडचण?" काका म्हणायचे, "अहो सर, हळू!" हळू कसलं, पार खिडकीजवळच्या आक्का हसायच्या. काकांना गोळी लिहून मिळायची. मग सर माझ्याकडे वळायचे. "पाणी किती पिता? मीठ कमी केलंत?" झालं, पुढची खुर्ची.

म्हणजे मला काय, शरीर नाही? नुसता पाण्याचा हंडा आहे मी?

माझा नवरा काचा बसवतो. तिसऱ्या रांगेत बसलाय, खुर्चीखाली जायच्या बेतात आहे. अरे बस, काही होत नाही. माझ्या हातात फिस्टुला केला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर धमनीला जोडली, आणि त्या आठवड्यात यानं आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. काही बोलला नाही. आधी मी मनात म्हटलं, सुटले, कारण खरं सांगते, मला इच्छाच उरली नव्हती आणि जवळ आलं की दुखायचं, कोरडं. पण मग आरशात हाताच्या त्या गाठी दिसायच्या, काळवंडलेला चेहरा दिसायचा. वाटायचं, याला माझी किळस येते. रोज सकाळी मात्र येऊन माझ्या हातावर दोन बोटं ठेवायचा आणि चहा टाकायला निघून जायचा. मी डोळे मिटून पडलेली. म्हटलं, जिवंत आहे का बघून जातो.

शेवटी एका फेरीत मी मोठ्यानं विचारलं, "सर, काकांना विचारता ते मला का नाही?" सर कानापर्यंत लाल. म्हणाले, "ते स्त्रीरोगवाल्यांना विचारा." तिकडे गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "डायलिसिस आहे ना? मग किडनीवाल्यांना विचारा." मी काय पार्सल आहे का, पत्ता चुकलेलं?

परत आले आणि सरांसमोर उभी राहिले. म्हटलं, आता सांगा. तेव्हा सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दार असलेली एकच जागा सापडली. चादरींची खोली. नवऱ्यालाही बोलावलं. सर चादरींच्या गठ्ठ्याकडे बघत बोलले, पण बोलले! या आजारात इच्छा कमी होणं, कोरडेपणा, दुखणं हे पुष्कळ बायकांना होतं. त्याला जेल असतं, औषधं असतात. काही गोळ्यांनीही इच्छा जाते, त्या बदलता येतात का बघू. मशीनच्या दिवशी थकवा असतो, दुसरा दिवस निवडा. पाळी वेडीवाकडी असली तरी दिवस राहू शकतात, तेही आधी बोलून ठरवा. आणि या हातावर भार टाकू नका, बाकी जवळ यायला बंदी नाही.

नवरा म्हणाला, "बंदी नाही?"

"कुणी सांगितलं, आहे म्हणून?"

"हात दबला तर फिस्टुला बंद पडेल म्हणाले होते. मी रोज सकाळी बघतो, आतली रक्ताची थरथर चालू आहे का."

फोडून ठेवण्यापेक्षा लांब ठेवलेली बरी, असा काचवाल्याचा हिशेब! आणि मी महिनोन्महिने याला किळस येते हेच धरून बसलेली. ‘बंदी नाही’ एवढ्याशा वाक्यासाठी, सर! मला रडू आलं. सरांनी घाईघाईनं एक उशीचा अभ्राच पुढे केला.

नंतर आक्का त्या खोलीत गेल्या. मग पलीकडच्या शिक्षिकाबाई. कुणी काय विचारलं ते मला माहीत नाही. दार होतं ना!

म्हणून अध्यक्ष महोदय, फोटो जिन्यात लावा, कँटीनमध्ये लावा, मी स्वतः खिळे ठोकते, काचा आमच्या घरच्याच आहेत. ती खोली मात्र आम्हाला ठेवा. आणि मॅडम, तुम्ही आम्ही विचारायची वाट पाहू नका. पाणी, मीठ, झोप विचाराल, त्याच दमात हेही विचारा.

बघा, सर मान डोलावतायत. महोदय, माझ्याकडे काय बघता, तिकडे बघा. सर, तुम्ही लाजत का होईना, चादरींशी का होईना, बोललात. त्याबद्दल सगळ्या जणींकडून मनापासून आभार.

बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, फार पाल्हाळ झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. खोलीबद्दल जे बोलले त्याची तेवढी माफी मागत नाही. आमची गादी आता आतल्या खोलीत आहे.