तीन मुसळांवर बसलेला शब्द

अध्यक्षस्थानी बसलेले अण्णासाहेब, मंचावरच्या सरपंच उषाबाई, अक्षताला शाळेत शिकवणारे भागवत सर, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या माझ्या आयाबायांनो, भावांनो, सगळ्यांना बेबीनंदाचा जय भीम.

मला दोनच मिनिटं दिलीत. भागवत सरांनी अर्धा तास घेतला. त्यांचं बराबर आहे, ते सर आहेत.

माझी पुतणी अक्षता उद्या नॉर्वेला चालली, पाण्यावर वीज करायच्या कारखान्यात मशिनी सांभाळायला. सगळ्यांनी कौतुक केलं. पण तिथल्या भाषेच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाल्ती, अन् दुसऱ्यांदा माझ्यामुळं, हे कोणी सांगितलं का? मंग मीच सांगते.

त्या लोकांचे मशिनीचे शब्द मालगाडीवानी लांब. डब्याला डबा जोडलेला. त्या कारखान्याला म्हणतात 'वानक्राफ्टवॅर्क'. वान म्हणजे पाणी, क्राफ्ट म्हणजे जोर, वॅर्क म्हणजे कारखाना. ही घाबरून एका दमात गिळायची. मी ओरडले, "तोड, अन् हर तुकडा सारखा ठोकून बोल!" तिनं तसंच ठोकलं. परीक्षा घेणाऱ्याला काही कळलंच न्हाई. घरी येऊन रडली, "काकू, एकच बारी राह्यली. आता हुकले तर नोकरी गेली." चौथी शिकलेल्या बाईनं मास्तरकी केली, दुसरं काय होणार?

पुढं एका दुपारी आम्ही बचत गटाची मिरची कांडून राह्यलो होतो. उखळ एक, मुसळं तीन. गटातली शिवकन्या, मी अन् अक्षता. बाजूला मोबाईलात तिला भाषा शिकवणारी नॉर्वेची बाई तेच लांब शब्द बोलत होती. पहिला घाव शिवकन्याचा, जोराचा. मागचे दोन हलके. तिघींनी जोर लावला तर मुसळावर मुसळ आपटतं अन् मिरची डोळ्यात जाते. ऐकता ऐकता माझा हात थांबला.

"अगं, ही बाईबी कांडूनच राह्यली! पहिला घाव भारी, मागचे हलके."

"पण हलके म्हणजे गिळायचे न्हाईत ना, काकू?"

"हलकं मुसळ उखळात पडतं का न्हाई?"

महिनाभर आम्ही शब्द कांडले. शिवकन्या म्हणायची, "मिरचीचा भुगा झाला, ही मोबाईलातली बया काही थकंना!" तिसऱ्या बारीला अक्षता पास झाली.

पोरी, तिथं उखळ नसंल. मांडीवर थाप दे अन् बोल. लोक हसले तर हसू दे, मशीन बंद पडली की तुलाच हाक मारतील.

हा सत्कार ठेवणाऱ्या मंडळाचे उपकार, चहा करणाऱ्यांचेबी. माझी जीभ पहिल्या घावावानी पडते, ज्याला लागली असंल त्यानं पोटात घालावं. अक्षता, उठ, माइक घे. तो कारखान्याचा शब्द या सगळ्यांना ऐकू दे. पहिला घाव जोरात.