तीनशे पाच पौंडांचा घरजावई

अहो, सकाळी सहाला माणूस अठरा पिरोग्या खाऊ शकतो का? तुम्हीच सांगा! करंजीएवढी एकेक, आत बटाटा, वर लोणी, लोण्यावर परतलेला कांदा, आणि समोर सासरे, पातेलं मांडीवर घेऊन... मांडीवर! म्हणजे मी नको म्हणायच्या आत वाढता यावं! "घ्या जावईबापू, ही एक घ्या, मधल्या माणसाला बूड पाहिजे, बूड!" आणि संध्याकाळी त्याच अठरा पिरोग्या पोटात असताना त्याच सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे आमचा मेहुणा जेरोम, मला चर्चच्या टेकडीच्या दोनशे बारा पायऱ्या पळत चढायला लावतो. हातात घड्याळ! "दाजी, पाय उचला! रणगाडा झालाय तुमचा!" एक भरतो, दुसरा उपसतो. आणि मधे कोण? मी!

तसा मधे उभं राहणं हा माझा धंदाच म्हणा. आमच्या गावच्या फुटबॉल टीमच्या (पायानं खेळायचा नव्हे, अमेरिकेतला धडका मारायचा तो!) बचावफळीत मी अगदी मधला. चेंडू? चौदा वर्षांत एकदाही हात लागलेला नाही! समोरच्या दोन धटिंगणांनी मिळून मला ढकलायचं आणि मी हलायचं नाही, एवढंच काम. आठवडाभर काचेच्या कारखान्यात पेट्या उचलायच्या, शनिवारी दुपारी हे. पण मैदानावर ढकलणारे निदान परके असतात हो! घरच्यांना काय करणार?

आणि घर तरी माझं कुठे? माझ्या घराखालची जुनी कोळशाची खाण खचली चार वर्षांपूर्वी. सकाळी उठून पाहतो तर घर तिरकं, रात्रीचं सूप वाटीच्या एका बाजूला! तेव्हापासून मी घरजावई. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी सासरे एक शब्द न बोलता ट्रक घेऊन आले, आणि जेरोमनं एकट्यानं आमचा फ्रिज पाठीवर घेतला. दोघंही सोन्यासारखी माणसं. फक्त एकमेकांसमोर आणू नका!

कारण काय, तर सासरे, कॅसिमिर गुर्स्की, बावीस वर्षं टीमचे कोच. त्यांचं तत्त्व एकच: "माणूस जड असला की जग त्याला वळसा घालतं." आणि जेरोम गेला कुठल्याशा शिबिराला, तीन दिवस, तीनच, आणि ज्ञानेश्वर होऊन परतला! "बाबा, तो जमाना गेला. आता चपळ माणूस पाहिजे. दाजींना दोनशे साठवर आणा, मग बघा!" सासरे म्हणाले, "दोनशे साठ? तेवढी तर तुझी आई आहे!" ...झालं! सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या, भांडी वाजायला लागली, आणि त्या वाजणाऱ्या भांड्यांच्या साक्षीनं बापलेकांनी पैज लावली. मोसमातला शेवटचा सामना, नदीपलीकडच्या गावाशी. पहिला अर्धा मी सासऱ्यांच्या पद्धतीनं खेळायचं, दुसरा अर्धा जेरोमच्या. वजन जिंकलं तर जेरोमनं परत मैदानात पाय ठेवायचा नाही. पाय जिंकले तर सासऱ्यांनी गळ्यातली शिट्टी काढून जेरोमच्या गळ्यात घालायची. मला कोणी विचारलं? छे! मी फक्त मधे!

रात्री बायको, रोझॅन, म्हणाली, "वॉल्टर, बाबांची शिट्टी गेली तर आठवड्यात म्हातारे होतील ते." म्हटलं, बरं, जड खेळतो. "पण जेरोम हरला तर तो ओहायोला निघून जाईल, मग आई अन्नपाणी सोडेल." म्हटलं, बरं, चपळ खेळतो. "हो, पण बाबा..." अगं बाई, मी करू काय?!

दोन महिने हा छळ. लॉकर रूममधला काटा तीनशेलाच संपतो, म्हणून मला दर सोमवारी कारखान्यातल्या मालाच्या काट्यावर उभा करायचे. मुकादम ओरडायचा, "जपून रे, फुटेल!" लोक हसायचे. आणि वजन किती? तीनशे पाच! पहिल्या सोमवारी तीनशे पाच, शेवटच्या सोमवारी तीनशे पाच! सकाळी एकानं जेवढं चढवलं तेवढं संध्याकाळी दुसऱ्यानं उतरवलं. सासरे म्हणाले, "बघ, मी होतो म्हणून टिकलं." जेरोम म्हणाला, "मी होतो म्हणून वाढलं नाही." आणि मधे काट्यावर कोण? मी, मोजे घालून!

मग तो शनिवार उजाडला. अख्खं गाव मैदानात. पहिला अर्धा खांबासारखा उभा राहिलो. कोणी ढकलू शकलं नाही, शप्पथ! कारण कोणी ढकललंच नाही. मला वळसा घालून गेले, जसं सासरे म्हणायचे अगदी तसं, आणि दहा गुण करून आले! दुसऱ्या अर्ध्यात जेरोमचं ऐकलं. इकडे उडी, तिकडे उडी... तर त्या दोन धटिंगणांनी मला हवेतच झेललं आणि कपाट सरकवावं तसं बाजूला नेऊन ठेवलं. आणखी तीन गुण! आमच्या पोरांनी सतरा केलेले, म्हणून अब्रू शिल्लक होती.

शेवटचा डाव. सतरा–तेरा. रेषेपासून ते एका यार्डावर, रेषा ओलांडली की सामना त्यांचा. आणि मैदानाच्या कडेवरून सासरे बोंबलतायत, "जावईबापू, जागचे हलू नका!" त्यांच्या शेजारून जेरोम, "दाजी, हला! सुटा!" हलू नका! हला! हलू नका! हला! ...तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका अडकलो नव्हतो. हललो तर सासरे गेले, नाही हललो तर मेहुणा गेला. एक पाय निघाला, दुसरा म्हणाला मी नाही येत, आणि डाव्या गुडघ्यात कट्ट! मी आडवा. सगळा, तीनशे पाच पौंड, रेषेवर आडवा. त्यांचा धावणारा गडी मला अडखळला, त्याच्यावर ते दोघं धटिंगण, त्यांच्यावर आमचे चार. शिट्टी! सामना आमचा!

ढिगाच्या तळाशी कोण? विचारूच नका. चेहरा चिखलात, आणि वर दोघांचे आवाज. "पाहिलंस? वजन! ओलांडता आलं का कुणाला?" "काहीतरीच, बाबा! झेप पाहिलीत का त्यांची? झेप!" अहो, आधी मला काढा!

घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. दोघं हमरीतुमरीवर. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं ऐका, ना वजन, ना झेप. माझा गुडघा गेला. मी पडलो. नुसता पडलो! तेव्हा कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही, शिट्टी सासऱ्यांकडे, जेरोम इथेच, आणि मी... मी सुटलो. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, सांगताना.

दोघांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच! मग सासरे हळूच म्हणाले, "गुडघा म्हणजे... नीट खात नाही तुम्ही. हाडांना आधार नको? आणखी वीस पौंड चढवू." जेरोम म्हणाला, "वीस उतरवू! गुडघा आपोआप हलका होईल. बाबा, पुढच्या मोसमात लागू दे निकाल!" आणि तुम्हाला सांगतो, त्या दोघांनी हात मिळवले! माझ्या डोक्यावरून! सासूबाईंनी डोळे पुसले. रोझॅन माझ्या कानात म्हणाली, "वॉल्टर, किती दिवसांनी हसून बोलतायत बघ. एकच वर्ष अजून, हं?"

आणखी एक वर्ष! सासऱ्यांनी माझ्या मांडीवर अठरा पिरोग्यांची ताटली ठेवलेली, गरम. जेरोमनं बर्फाची बादली आणून त्यात माझा पाय घातलेला. उठून सरळ निघून जावं, असं मनात आलं होतं हो... पण जाणार कसा, एक पाय बादलीत!