खडकाचं वय विचारू नका

...आणि वर मलाच विचारतात, डेल्मर, तू कोणाच्या बाजूचा? अहो, मी बोअर मारणारा माणूस! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं या केंटकीच्या डोंगरात भोकं पाडतोय. मी खोली सांगतो, वय सांगत नाही. पण ऐकतंय कोण?

झालं काय, आमच्या चर्चची विहीर ऑगस्टात आटली, ओढाही कोरडा, आणि रविवारी नऊ जणांचा बाप्तिस्मा, तोही आमच्याकडे पाण्यात अख्खं बुडवून. त्यात ब्याऐंशी वर्षांची युला आजी, जिने सगळं आयुष्य 'पुढच्या वर्षी बघू' करत काढलं आणि आता म्हणते, "पुढचं वर्ष माझ्याकडे नाही रे." मग बोअर मारायचा ठरला, पण कुठे? ते सांगणारं माणूस इथे एकच, दगडधोंड्यांचं शास्त्र शिकलेली रोवेना... म्हणजे आमच्या पाळकांचीच, ऑर्वलसाहेबांची लेक. आणि बापलेकीचं तीन वर्षं बोलणं बंद! कशावरून? जमिनीच्या तुकड्यावरून नाही हो, अख्ख्या पृथ्वीवरून! बाप म्हणतो देवाने घडवून सहा हजार वर्षं झाली, पोरगी म्हणते साडेचारशे कोटी, सणाच्या जेवणाला टर्की गार झाली तरी कोणी आकडा सोडेना, शेवटी ती भरल्या ताटावरून उठून गेली.

पण आजीसाठी आली. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ती, मधे मी.

"डेल्मर, तिला विचार, कुठे खणायचं."

"डेल्मरकाका, बाबांना सांगा, त्या बाकाशेजारी. खाली चौतीस कोटी वर्षांचा चुनखडक आहे."

"तिला म्हणावं, नुसती जागा सांग."

मी म्हटलं, बाबांनो, मी खोली सांगतो, वय सांगत नाही... आणि केली मशीन सुरू.

एकशेऐंशी फुटांवर चुऱ्यातून बारीक बारीक दगडी कड्या वर आल्या, समुद्रातल्या जिवांच्या. पाळक म्हणाले, हा नोहाचा जलप्रलय. ती म्हणाली, छे, हा जुना समुद्र. हे म्हणतात प्रलय, ती म्हणते समुद्र, हे प्रलय, ती समुद्र... आणि माझ्या लक्षात आलं, अरेच्चा, मला मधे न घेता चाललंय की! तीन वर्षांनी! मी रॉडला तेल घालत बसलो, म्हटलं भांडा, पोटभर भांडा.

पण पाणी? दोनशे दहा, कोरडं. दोनशे चाळीस, धूळ. दोनशे साठला ती बाकावर बसली, म्हणाली, चुकलं बहुतेक माझं. मी मशीन बंद करायला हात घातला, तर पाळकांनी माझा हात धरला. जाऊन लेकीशेजारी बसले.

"तुझा खडक चौतीस कोटी वर्षं थांबला म्हणतेस ना? मग आपण दहा मिनिटं थांबू."

आणि तुम्हाला सांगतो, दोनशे एकाहत्तर फुटांवर असं उसळलं पाणी, की पाळक, पोरगी, मी, सगळे नखशिखांत! त्यांची टोपी कुठे, तिचा चष्मा कुठे... ती हसतेय की रडतेय कळेना आणि हे तिचं तोंड रुमालाने पुसतायत, रुमालच पाण्याने निथळतोय!

रविवारी त्याच पाण्याने भरलेल्या हौदात आजी उतरली. वर आली ती कुडकुडत, म्हणाली, एवढं गार असतं हे आधी का नाही सांगितलंत?

संपलं वाटलं ना? सरकारी अर्ज राहिला होता. त्यात एक रकाना, 'खडकाचे वय'. डावीकडून बाप वाकून बघतोय, उजवीकडून लेक. मी लिहिलं, 'जुना'. दोघांनी मुकाट सह्या केल्या.

काल अर्ज परत आलाय. वर लाल शाईत लिहिलंय, 'जुना म्हणजे किती?'